तळहातावरचं दही

जुई थोरातनं सूड घ्यायचं ठरवलं ते एका बाहुलीमुळे.

रविवारची सकाळ होती. तिची चार वर्षांची नभा पलंगाआड बसून घर-घर खेळत होती आणि जुई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता कान तिकडे लावून होती. हल्ली तिचे कान आणि डोळे सदा नभावरच असायचे. मुलगी खेळायची, बडबडायची, गाणी म्हणायची. फक्त भूक लागली असं म्हणायची नाही. दिवाळीपासून एकदाही म्हणाली नव्हती. ताट पुढे आलं की दोन घास चिवडायचे आणि आई रागावू नये म्हणून तिसरा गालात धरून बसून राहायचं, एवढंच तिचं जेवण. ते गालही आता उरले नव्हते. मनगट धरलं की जुईच्या बोटांना हाड लागायचं.

बाहुलीला मात्र ती पोटभर जेवू घालत होती. रिकामी वाटी, रिकामा चमचा. "आ कर. आत्याकडचं दही आहे, गोड गोड. शहाणी मुलं सगळं संपवतात." मग बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन हळूच, "आणि आईला नाही सांगायचं."

जुईच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीत तसाच राहिला.

नभाच्या आत्याकडचं दही म्हणजे काय, हे कराडात आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण ते कुठून आलं हे कळल्याशिवाय जुईचा राग कळायचा नाही.

वजन उतरवणारी इंजेक्शनं आली तेव्हा जग म्हणालं होतं, सुटलो एकदाचे. जगभर अब्जावर माणसं लठ्ठपणानं आजारी होती. श्रीमंत देशांत होती तशी गरीब देशांतही, आणि मोठ्यांत होती तशी शाळकरी मुलांतही. इंजेक्शनं गुणाची होती, पण महाग होती, आणि थांबवली की वजन मुकाट्यानं परत यायचं. त्यांचं काम साधं होतं. अन्न आतड्यात उतरलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी रक्तात एक निरोप सोडतात, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणसाला वाटतं, पुरे. इंजेक्शन हाच निरोप बाहेरून, मोठ्या आवाजात द्यायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, निरोप देणाऱ्यालाच पोटात राहायला पाठवलं तर? दुधाचं दही करणारे जिवाणू माणसाच्या ओळखीचे, निरुपद्रवी. त्यांच्यातल्याच एकाच्या जनुकांत फेरफार करून त्याला तो निरोप तयार करायला शिकवलं गेलं. साखर आणि स्निग्ध पदार्थ आले की तो कामाला लागायचा. त्याचं नाव 'परिमिता'. एक छोटी बाटली प्यायची आणि आयुष्यभराची भूक ताब्यात.

पळून जाऊ नये म्हणून त्याला कुलूपही घातलं होतं. जगायला लागणारा एक घटक त्याला स्वतःला बनवता येत नसे. तो कंपनीच्या पुडीतूनच मिळायचा. पुडी बंद केली की जिवाणू मरायचा. अठराच्या आतल्या कुणालाही तो द्यायला बंदी होती, कारण वाढत्या अंगाला 'पुरे' म्हणणारा पाहुणा परवडत नाही.

कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त विरजणाचा केला नव्हता. आपल्याकडे दह्याची बाटली घरात आली आणि तिचं विरजण लागलं नाही, असं होत नाही. बाटलीतलं चमचाभर दुधात गेलं, त्यातलं वाटीभर शेजारी गेलं, शेजारणीनं ते बहिणीला दिलं. पुडीशिवाय बहुतेक जिवाणू मेले. पण कोट्यवधींत एखादा असा निघाला, ज्याला तो घटक स्वतःच बनवायला जमलं होतं. तोच जगला, त्याच्याच पिलावळीचं दुसऱ्या दिवशीचं दही लागलं, आणि त्यातलंच पुन्हा तिसऱ्या दिवशीच्या दुधात पडलं. निसर्गाला ज्याला युगं लागतात ते कराडच्या स्वयंपाकघरांनी एका उन्हाळ्यात उरकलं. आता ते कुलूप नसलेलं दही फुकट मिळत होतं, आणि गावात त्याचा उगम कुठे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शाल्मलीताईंचं 'आकार' केंद्र.

शाल्मली म्हणजे जुईची थोरली नणंद. ईशानची सख्खी बहीण. चाळिशीला टेकलेली, पण पाठीमागून पाहिलं तर कॉलेजातली पोरगी वाटावी अशी. कंपनीची ती साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची प्रतिनिधी होती. केंद्राच्या दारात तिचे दोन मोठे फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोतल्या मुलीला शाळेत 'रणगाडा' म्हणायचे, हे ती प्रत्येक भाषणात सांगायची आणि बायका डोळे पुसायच्या. भाची मात्र दिवाळीआधी गुटगुटीत. केंद्रात कुणीतरी हसून म्हणालंही होतं, आत्या अशी आणि भाची पाहा. त्यावर शाल्मलीही हसली होती. जुईला ते हसणं तेव्हाच आवडलं नव्हतं.

जुई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली होती आणि दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासायची. त्या सोमवारी तिनं दुधाबरोबर आणखी एक नमुना तपासला, नभाच्या शौचाचा, आणि जे दिसलं ते घेऊन बालरोगतज्ज्ञ शबाना मुल्लांकडे गेली. डॉक्टरांनी नभाची उंची मोजली, जुन्या नोंदीशी ताडून पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. उंची वाढायची थांबली होती. मुलगी आजारी नाही, त्या म्हणाल्या, मुलगी उपाशी आहे आणि तिला ते कळत नाहीये.

उपाय होता. त्याच विज्ञानानं तोही दिला होता. कुपोषित मुलांसाठी सरकारनं उलट कामाचा जिवाणू तयार करून घेतला होता; मेळघाटात आणि नंदुरबारकडे तो अंगणवाड्यांतून दिला जायचा. पोट रिकामं झालं की जठर भुकेचा निरोप सोडतं, तो निरोप हा जिवाणू मोठा करायचा. शिवाय तो असं काही द्रव्य सोडायचा की परिमिता त्याच्या शेजारी टिकत नसे. लोक त्याला भुकेचं दही म्हणत. आठवड्याला एक चमचा, वजन जागेवर येईपर्यंत.

"घरातल्या मोठ्यांनी मात्र चुकूनही चाखू नका," डॉक्टर म्हणाल्या. "लहान मुलांच्या पोटात बिऱ्हाडं बदलत असतात, देणं थांबवलं की हा निघून जातो. मोठ्यांच्या पोटात कायमचा बसतो. हलवायला माझ्याकडे औषध नाही."

जुईनं मान डोलावली.

शाल्मलीला तिनं घरीच बोलावलं. सासूबाई आणि ईशान समोर असताना विचारलं. तिला वाटलं होतं नणंद नाकारेल, मग आपण पुरावे काढू. शाल्मलीनं नाकारलंच नाही. बिनदुधाचा चहा पीत शांतपणे म्हणाली की हो, दर सुट्टीला माझ्याकडे यायची तेव्हा देत होते. थोडंसंच. मुलीच्या भल्यासाठी.

"अगं, तुला माहीत नाही त्या शब्दांनी काय होतं ते," ती म्हणाली. "वर्गात डबा उघडायची लाज वाटायची मला. बाकावर माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. आज तू माझ्यावर चिडलीस. ही दहावीत जाईल ना, तेव्हा माझे आभार मानशील."

"तिची उंची थांबलीय, ताई."

"आपल्या घरात सगळे उशिराच वाढतात."

जुईनं नवऱ्याकडे पाहिलं. ईशान दोन्हीकडून ओढला जाणारा माणूस. तो म्हणाला की ताईचं चुकलंच, विचारायला हवं होतं, पण हेतू वाईट नव्हता आणि आता उपाय मिळालाय तर घरातली गोष्ट घरात राहू दे. तक्रार केली तर केंद्र बंद होईल, तिला अटकही होईल. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दोघींनाही गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला. शाल्मलीनं तिचा लाडू न चाखता बशीत ठेवला. निघताना दारात नभाचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, किती सुरेख दिसायला लागलीय माझी राणी.

त्या दिवसापासून जुई नणंदेशी फार गोड वागायला लागली.

भुकेच्या दह्याचा पहिला चमचा नभानं तोंड वाकडं करून घेतला. नंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. जुई तिच्या प्रत्येक घासावर नजर ठेवायची आणि स्वतः जेवायचं विसरायची. मग एका दुपारी ती पोहे परतत असताना नभा येऊन तिच्या ड्रेसला लोंबकळली आणि रडक्या सुरात म्हणाली, "आई, माझ्या पोटात कसंतरी होतंय." जुईनं गॅस बंद केला. खाली बसून तिनं विचारलं, कसं होतंय, दुखतंय का. नभानं विचार केला आणि म्हणाली, "पोटाला पोहे पाहिजेत."

जुई ओट्याला टेकून जमिनीवर बसली आणि तिथेच मांडीवर घेऊन तिला भरवलं. पोरगी शेंगदाणे वेचून खात होती, बोटं चाटत होती. जुईचे डोळे वाहत होते. कुणालाही वाटलं असतं की आता हिचा राग विरघळेल. झालं उलटं. इतके दिवस मनात भीती होती आणि भीतीनं सगळी जागा अडवली होती. आता ती गेली आणि रागाला हातपाय पसरायला ऐसपैस जागा मिळाली. तिला तो न खाल्लेला लाडू आठवायचा. 'सुरेख दिसायला लागलीय' हे शब्द आठवायचे. आपण आभार मानणार आहोत हे आठवायचं.

फ्रिजमध्ये, नभाच्या नावाची पट्टी लावलेल्या डब्यात, भुकेचं दही होतं. जुईनं त्यातलं चमचाभर घेऊन निराळं विरजण लावलं.

स्वतःशी तिनं काही लपवलं नाही. नभाला नणंदेपासून लांब ठेवणं पुरेसं होतं, तेवढं तर तिनं केलंही होतं. हा उपचार नव्हता. त्या बाईच्या पोटात शिरून तिला न विचारता तिची भूक बदलायची, एवढंच तिला हवं होतं. फक्त वाट पाहायची होती ती संधीची, कारण शाल्मली कुणाच्या घरचं काही खात नसे. पाण्याची बाटलीसुद्धा तिची तिच्याबरोबर असायची.

संधी शाल्मलीनंच आणली. लठ्ठपणा रोखण्यासाठी जिनिव्हात जागतिक परिषद भरणार होती आणि छोट्या शहरातली यशोगाथा म्हणून कंपनीनं तिला निवडलं होतं. निघायच्या दिवशी ती आईच्या पाया पडायला आली. गाडी खाली उभी, बॅगा भरलेल्या, गल्लीतल्या बायका कौतुकानं जमलेल्या. सासूबाईंनी औक्षण केलं, कुंकू लावलं आणि मग इकडेतिकडे पाहत म्हणाल्या की दहीसाखर राहिलीच की.

"आणलीय, आई," जुई म्हणाली.

तिच्या हातात चांदीची वाटी होती. परीक्षेला, मुलाखतीला, परगावी निघालेल्या माणसाच्या तळहातावर दहीसाखर ठेवतात आणि तो ती चाटून घराबाहेर पडतो. ती कुणी नाकारत नाही. भूक नाही म्हणता येत नाही, पथ्य आहे म्हणता येत नाही, अपशकुन होतो. शाल्मली क्षणभर वाटीकडे पाहत राहिली. बायका पाहत होत्या, आई पाहत होती. तिनं उजवा हात पुढे केला. जुईनं त्यावर भरपूर दही घातलं, वर साखर भुरभुरली, आणि नणंद तळहात स्वच्छ करेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"यशस्वी होऊन या, ताई," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

गाडी गेल्यावर सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मन मोठं केलंस, म्हणाल्या.

परिषदेचं थेट प्रक्षेपण सगळ्यांनी मिळून पाहिलं. शाल्मली सुंदर बोलली. भूक ही बरीचशी सवय असते, ती म्हणाली, आणि सवय बदलता येते. टाळ्या झाल्या. मग व्यासपीठावर चर्चा सुरू झाली आणि कॅमेरा एकेका वक्त्यावर फिरायला लागला. शाल्मलीवर आला तेव्हा ती समोरच्या बशीतलं बिस्किट खात होती. परत आला तेव्हाही खात होती. पुढच्या वेळी तिची बशी रिकामी होती आणि तिचा हात, जणू तो तिचा नव्हेच, शेजारच्या आफ्रिकी पाहुण्याच्या बशीकडे सरकत होता. ईशान हसला, ताईला तिथली हवा मानवलेली दिसते, म्हणाला. जुईही हसली. इतकी मोकळी की नभानं वळून आईकडे पाहिलं.

परत आल्यावर शाल्मलीनं प्रवासाचा शीण, वेळेतला फरक अशी कारणं सांगितली. पुड्या दुप्पट घेतल्या, कंपनीची नवी बाटली प्यायली. पण तिच्या पोटात आता परिमिता टिकत नव्हती. आणि जुईनं तिला डबे पाठवायला सुरुवात केली.

असा स्वयंपाक तिनं आयुष्यात केला नव्हता. तुपात न्हालेली पुरणपोळी, खसखस भाजून केलेला मसालेभात, वरून ओलं खोबरं, सारणानं फुगलेल्या करंज्या, भरली वांगी आणि त्यांच्या तेलात बुडवायला कडक भाकरी. पहिले डबे न उघडता परत आले. मग एक आला तो अर्धा. त्यानंतर सगळे रिकामे यायला लागले, धुतलेले आणि पुसलेले, जणू कुणीतरी बोटानं कडा निपटल्यात. जुई ते हातात घेऊन खिडकीशी उभी राहायची. तिला फार शांत वाटायचं.

गावात कुजबूज सुरू झाली. केंद्रातल्या बायका एकेक करून गळायला लागल्या. शाल्मली ढगळ कुर्ते घालायला लागली, मग तेही अंगाला बसायला लागले. कुणी तिला एसटी स्टँडसमोर गाडीच्या काचा वर करून वडापाव खाताना पाहिलं होतं. दारातल्या फोटोंखाली कुणीतरी खडूनं लिहिलं, आधी आणि नंतर उलटं लावलंय. कंपनीनं मोठे फोटो उतरवून नेले आणि साताऱ्याची एक नवी मुलगी नेमली. सासूबाई रोज देवापुढे बसून विचारायच्या, माझ्या पोरीला कुणाची दृष्ट लागली. जुई त्यांना मीठ-मोहऱ्या काढून द्यायची.

नभाचं वजन जागेवर आलं तेव्हा मुल्ला डॉक्टरांनी तिला उचलून टेबलावर नाचवलं. आता दही बंद, त्या म्हणाल्या, महिनाभरात हिची भूक हिची स्वतःची होईल. मग सहज, पुढचा पेशंट बोलावण्याच्या बेतात असताना, त्यांनी विचारलं की घरात मोठ्यांपैकी कुणी खाल्लं नाही ना. हा जिवाणू लाळेतही थोडा असतो. ज्याच्या पोटात बसला त्याच्या हातचा घास, त्याचं उष्टं मुलीला मिळत राहिलं तर ते तिचे डोस चालूच आहेत असं समजा. आणि वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षानंतर पोटातली बिऱ्हाडं पक्की होतात. मग हिची ही भूक कधीच थांबायची नाही.

"नाही," जुई म्हणाली. "घरात कुणी नाही."

बाहेर येऊन ती रिक्षात बसली आणि तिनं नभाला मांडीवर ओढून घेतलं. नभा लवकरच पाच वर्षांची होणार होती.

दुसऱ्याच रविवारी शाल्मली जेवायला आली. सासूबाईंनीच बोलावलं होतं, एकटीनं झुरत बसण्यापेक्षा चार माणसांत बस म्हणून. ईशान नभाला घेऊन बाहेरच्या खोलीत होता. शाल्मली सरळ स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि तव्याशेजारची भाकरी मोडून खात ओट्याशी उभी राहिली.

"त्या दिवशी माझ्या हातावर काय ठेवलंस?"

"दही," जुई म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "साखर घातली होती."

"मी पुण्याला तपासून घेतलंय, जुई. लाळेतही निघालंय ते. सगळ्यांच्या देखत केलंस तू. मला कौतुक वाटलं." तिचे गाल भरलेले होते, डोळे मात्र खोल गेले होते. "विचारायचं तरी होतंस एकदा."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"मी तिचं वाईट व्हावं म्हणून नव्हतं दिलं."

"मी दिलं," जुई म्हणाली. "तुमचं वाईट व्हावं म्हणूनच दिलं."

मग शाल्मली बोलायला लागली. जेवून उठते आणि हात धुताधुता भूक लागते, ती म्हणाली. जिना उतरताना पायरीगणिक खाण्याचा विचार येतो. शाळेतली ती मुलगी निदान पोट भरल्यावर गप्प बसायची. ही बसतच नाही. तिच्या आवाजात रड नव्हती. जुई ऐकत होती आणि शब्दन् शब्द तिला गोड लागत होता. हे सगळं आपण घडवलं, तिला वाटलं.

"ईशानला तू सांगतेस की मी सांगू?"

"सांगा. मग नभाचंही गावात निघेल."

"निघू दे. माझं आता काय जायचं राहिलंय?" शाल्मलीनं उरलेला तुकडा तोंडात टाकला. "पण मी नाही सांगणार. तूच सांगशील."

ताटं मांडली गेली. शाल्मली नभाच्या शेजारी बसली. जुईनं नभाला आपल्याकडे बोलावलं, पण सासूबाई म्हणाल्या की बसू दे गं आत्याजवळ, किती दिवसांनी भेटतायत. बराच वेळ गप्पा चालल्या, पाऊसपाण्याच्या, ईशानच्या बदलीच्या. शाल्मली खाली मान घालून भराभर जेवत होती. मग तिनं खाणं थांबवलं. आपल्याच ताटातली भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, तिच्या टोकाला आधी स्वतः किंचित चावा घेऊन तिखट आहे का पाहिलं, आणि तो घास नभाच्या तोंडासमोर धरला.

"आ कर, राणी."

नभानं तोंड उघडलं. शाल्मली तिच्याकडे पाहतच नव्हती. ती जुईकडे पाहत होती, आणि घास हवेत तसाच धरून थांबली होती.

जुईनं टेबलावरून वाकून तिचं मनगट पकडलं. पाण्याचा पेला कलंडला.

"अगं, हे काय?" ईशान म्हणाला. "घास भरवतेय ती."

"का गं?" शाल्मलीनं विचारलं. अगदी मायेनं विचारलं. "आत्याच्या हातचं चालत नाही?"

काहीही सांगता आलं असतं. मुलीला सर्दी आहे, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. आजचा दिवस निभावला असता. उद्याचा नसता. ही बाई आता आयुष्यभर आत्या म्हणून या घरात येणार होती, मुके घेणार होती, आपल्या वाटीतली खीर चाटवणार होती, आणि प्रत्येक वेळी असंच थांबून आईकडे पाहणार होती.

"नाही चालत," जुई म्हणाली. "त्यांच्या पोटात भुकेचं दही आहे. मी घातलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. निराळं विरजण, चांदीची वाटी, डबे. नभाच्या भल्यासाठी केलं असं ती म्हणाली नाही. कुणी तसं समजायला लागलं असतं तर तिनं ते थांबवलंही असतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगताना तेवढा तिचा आवाज फाटला. सासूबाईंच्या हातातला चमचा पातेल्याच्या काठाशी अडकून राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांना कुणाची दृष्ट काढायची ते कळेना.

ईशान फार हळू आवाजात म्हणाला, "हे खरं आहे?"

"हो."

त्यानं उठून नभाला उचललं. नभानं आईकडे हात केले. त्यानं तिला आईकडे दिलं नाही. खांद्यावर घेऊन तो गॅलरीत गेला आणि त्यानं मधलं दार लावून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती आणि तिच्यावरून डोकावणारा नभाचा रडवेला चेहरा.

शाल्मलीच्या हातात घास तसाच होता. तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला आणि चावत राहिली. ती जिंकली होती. तिच्या चेहऱ्यावर ते क्षणभर उमटलंही. मग तिचं ताट संपलं. तिनं भाकरीच्या पाटीकडे पाहिलं, पाटी रिकामी होती. तिनं हात मांडीवर घट्ट दाबून धरले, ओठ मिटले, मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. शेवटी तिला राहवलं नाही.

"आई," तोंड न वळवता ती म्हणाली, "आणखी एखादी भाकरी असेल का?"

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. जुई उठली. आतून तव्यावरची भाकरी आणली, नणंदेच्या ताटात वाढली आणि तुपाची वाटी हातात घेतली. गॅलरीत नभा आई म्हणून रडत होती. दार लागलेलं होतं आणि ते कधी उघडेल हे जुईला माहीत नव्हतं. तरी तिनं हात आखडला नाही. तूप भाकरीवरून ओघळून ताटात उतरेपर्यंत ती वाढत राहिली, आणि शाल्मलीनं पहिला तुकडा मोडला तेव्हा, अगदी तेव्हासुद्धा, तिला आतून बरं वाटलं.